बाबांचा पूर्वपक्ष

बाबा गेल्यावर महिन्याभराने त्यांच्यावर ज्यूद्वेषाचा आरोप झाला. आरोप करणाऱ्यांना ते गेल्याचं माहीत नव्हतं.

ईमेल सभ्य होता. डब्लिनच्या एका कॉलेजात मे महिन्यात परिसंवाद व्हायचा होता. विषय एकोणिसाव्या शतकातला जर्मनीतला ज्यूद्वेष, आणि त्याला त्या काळच्या ज्यू विचारवंतांनी दिलेली उत्तरं. बाबांनी डिसेंबरात आपला निबंध पाठवला होता, दुसरा भाग मागाहून पाठवतो असं कळवून. आता संयोजक डॉ. नीव्ह कॉस्टेलो यांनी लिहिलं होतं की निबंध वाचणाऱ्या दोन्ही परीक्षकांना लेखकाच्या भूमिकेबद्दल गंभीर चिंता वाटते. प्राध्यापक रिसबूड यांनी खुलासा करावा. तो समाधानकारक नसेल तर निबंध मागे घेण्याची विनंती करावी लागेल.

बाबांचे ईमेल मी बघत होते, कारण त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांचे निरोप अजून येत होते आणि प्रत्येकाला कुणीतरी कळवायला हवं होतं. डॉ. कॉस्टेलोंनाही तेच कळवलं. जानेवारीत, झोपेतच, हृदयविकाराने. तासाभरात त्यांचं उत्तर आलं. त्यांनी सांत्वन केलं आणि हा विषय इथेच थांबवता येईल, असं सुचवलं. कार्यक्रमातून नाव काढलं जाईल, कारण कुणाला सांगितलं जाणार नाही.

चांगल्या माणसाने सुचवावं तेच त्यांनी सुचवलं होतं. मला ते घेता येईना. कारण न सांगता नाव काढलं, तरी ज्यांनी निबंध वाचला त्यांच्या लेखी नंदकुमार रिसबूड कोण होता ते ठरून गेलं होतं. आणि ते बदलायला रिसबूड स्वतः येणार नव्हते.

बाबांनी पुण्यात पस्तीस वर्षं जर्मन शिकवलं. त्यांच्याकडे येणाऱ्या मुलांना इंजिनियरिंगसाठी आखेनला किंवा स्टुटगार्टला जायचं असे. बाबा त्यांना विभक्त्या घोकायला लावत आणि शेवटच्या सत्रात, अभ्यासक्रमात नसताना, जर्मन ज्यूंचे शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचे लेख वाचायला लावत. याला कारण होतं. अप्पा बळवंत चौकातल्या फुटपाथवर, झटपट यशस्वी कसं व्हावं हे सांगणाऱ्या पुस्तकांच्या शेजारी, जर्मनीच्या त्या हुकूमशहाचं आत्मचरित्र कायम असे. दरवर्षी वर्गातला एखादा मुलगा ते कौतुकाने घेऊन येई. ‘सर, मला हे मूळ जर्मनमधून वाचायचंय.’ बाबा चिडत नसत. ‘वाच की,’ म्हणत, ‘पण आधी हे ज्यांच्या जिवावर उठलंय त्यांचं वाच.’ त्याच वर्गातली मुलं अभिमानाने सांगत की आपल्या कोकणात ज्यू शेकडो वर्षं सुखाने राहिले. या दोन्ही गोष्टी एकाच दप्तरात कशा मावतात, याचं बाबांना शेवटपर्यंत नवल वाटलं.

आई गेल्यावर ते आमच्याकडे, डब्लिनजवळच्या ॲडम्सटाउनला आले. येताना कपडे कमी आणि पुस्तकं जास्त. इथली ओल पुस्तकांना खाईल अशी त्यांना धास्ती होती, म्हणून त्यांनी ती हॉट प्रेसमध्ये रचली. गरम पाण्याच्या टाकीभोवतीचं ते कपाट इथे टॉवेल आणि चादरी कोरड्या ठेवायला असतं. यशोधन, माझा नवरा, म्हणायचा, ‘बाबा, आपल्या घरात टॉवेल ओले आणि तत्त्वज्ञान कोरडं.’ बाबा म्हणायचे, ‘तू टॉवेल वाचत असशील तर बदलतो.’

त्यांचा विषय म्हणजे १८७९ साली बर्लिनमध्ये पेटलेला वाद. एका नामवंत इतिहासकाराने, विद्यापीठातल्या प्राध्यापकाने, एका प्रतिष्ठित मासिकात ज्यूंविरुद्ध लेख लिहिला. तोवर असली भाषा रस्त्यावरची समजली जाई. त्याच्यामुळे ती दिवाणखान्यात आली. ज्यू विद्वानांनी त्याला उत्तरं दिली, काही जर्मन सहकाऱ्यांनीही दिली. आजच्या अभ्यासकांचे या सगळ्याबद्दल दोन तट आहेत. एक म्हणतो, ज्यूद्वेष हा एकच आणि अखंड आहे, शतकागणिक फक्त कपडे बदलतो, आणि त्याच्याशी युक्तिवाद करत बसलेले जर्मन ज्यू भाबडे होते. ते बोलत होते आणि समोर ऐकणारं कुणी नव्हतंच. दुसरा तट म्हणतो, अखंड म्हटलं की जबाबदार कुणीच उरत नाही. प्रत्येक काळाचा द्वेष त्या काळच्या माणसांनी आपल्या कारणांसाठी घडवलेला असतो, म्हणून त्याला उत्तर देणं वाया जात नाही. बाबा दुसऱ्या तटातले. निदान मी तसं धरून चालले होते.

निबंध मी कामावर जाताना ट्रेनमध्ये वाचला. पहिल्या भागाची अकरा पानं होती. दुसऱ्या भागाचा आकडा होता आणि खाली कोरी जागा. त्या अकरा पानांत बाबांनी बर्लिनच्या इतिहासकाराची बाजू मांडली होती. ‘त्याच्या मते’ नाही, ‘तो असा दावा करतो’ नाही. आम्ही कुणाचाही द्वेष करत नाही, असं ती बाजू म्हणत होती. आमचं राष्ट्र तरुण आहे, त्याला अजून स्वतःचा चेहरा सापडायचा आहे. अशा वेळी आमच्यात राहणाऱ्यांकडून आम्ही एवढंच मागतो की त्यांनी पूर्णपणे आमच्यासारखं व्हावं. अर्धवट नको. ज्यांनी ते केलं त्यांचा आम्ही आदर करतो. पण जे अजून वेगळे ओळखू येतात, त्यांनी आपण का ओळखू येतो हे स्वतःला विचारावं, आम्हाला नव्हे.

कुठेही आवाज चढलेला नव्हता. हा आवाज मला ओळखीचा होता. बर्लिनचा नव्हे, पुण्याचा. आमच्याच नात्यातल्या, चांगल्या वाचलेल्या, कुणाला कधी अरेतुरे न करणाऱ्या माणसांचा. दिवाळीच्या फराळाला बसून ते राखीव जागांबद्दल याच सुरात बोलत. आमचा कुणावर राग नाही, फक्त त्यांनी जरा… बाबा त्यांच्यात बसून चकली खात आणि ऐकत. त्यांनी तो सूर कुठून उचलला ते मला नक्की सांगता आलं असतं.

शास्त्राची भाष्यं ज्यांनी चाळली आहेत त्यांना या अकरा पानांत विचित्र काही वाटणार नाही. आपल्याकडे शास्त्रार्थाची रीतच ती. आधी पूर्वपक्ष, म्हणजे प्रतिपक्षाचं म्हणणं, त्याला स्वतःला जमलं नसतं इतक्या ताकदीने मांडायचं. मग उत्तरपक्ष. पूर्वपक्ष दुबळा मांडून जिंकणारा मनुष्य पंडित नव्हे, लबाड. बाबांनी ही रीत आमच्या जेवणाच्या टेबलावर आणली होती. आई आणि मी भांडायला लागलो की ते म्हणत, ‘भार्गवी, आधी तिचं सांग.’ मला आईची बाजू सांगावी लागे, आणि ‘हो, हेच म्हणतेय मी’ असं आईने म्हटल्याशिवाय माझी पाळी येत नसे. रागाच्या भरात तोंडून गेलेलं धरायचं नाही, हा पोटनियम. अपशब्द गाळून उरेल ते म्हणणं. आई कंटाळून म्हणे, ‘ह्यांच्यामुळे या घरात धड भांडतासुद्धा येत नाही.’

डॉ. कॉस्टेलो मला कॉलेजजवळच्या एका कॅफेत भेटल्या. पन्नाशीच्या, पावसात भिजून आलेल्या.

“नीव्ह म्हणा,” त्या म्हणाल्या. “खरं सांगू का? निबंध वाईट असता तर मी घाबरले नसते. एका परीक्षकाने लिहिलंय, हा माणूस मनापासून बोलतोय.”

“ती त्यांची स्तुती झाली.”

“इथे नाही होत.”

मी पूर्वपक्ष समजावून सांगितला. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं.

“म्हणजे डेव्हिल्स ॲडव्होकेट?”

“नाही. त्यात आपण हरणार हे सगळ्यांना माहीत असतं. यात समोरच्याला जिंकता येईल एवढी जागा द्यावी लागते.”

“आणि तो जिंकला तर?”

“तर तुमचं उत्तर कच्चं आहे.”

त्यांनी कप खाली ठेवला. “भार्गवी, मला तुमचं पटतंय. पण छापलेल्या कागदावर मी नसते समजवायला, तुम्ही नसता. दुसरा भाग असता तर प्रश्नच नव्हता.” मग म्हणाल्या, “तुम्ही त्यांना ओळखत होतात. तीन-चार पानं. त्यांच्या टिपणांवरून.”

“टिपणं नाहीत. ते डोक्यात लिहीत.”

“मग आठवणीवरून. त्यांच्याच नावाने जाईल. कुणाचीच हरकत नसेल. सगळं ग्रँड होईल, ठीक होईल.”

घरी हे सांगितल्यावर यशोधनने जेवता जेवता हात थांबवला. तो मृदू माणूस आहे आणि बाबांवर त्याचा जीव होता.

“सोडून दे ना, अगं. त्या बाई स्वतः म्हणतायत गुपचूप मिटवू. गेल्या उन्हाळ्यात इथे आपल्या भारतीयांना रस्त्यात मारहाण झाली, तेव्हापासून मी ऑफिसला जाताना हेडफोन घालत नाही. आणि तू स्टेजवर उभी राहून ज्यूंविरुद्धचं भाषण वाचणार?”

“भाषण नाही ते.”

“ऐकणाऱ्याला काय कळणार? ब्राउन बाई उभी राहून म्हणतेय, परक्यांनी आमच्यासारखं व्हावं. मला तर हसूच येईल.”

सानिकाने, आमच्या मुलीने, इंग्रजीत विचारलं, “व्हाय डिडन्ट ही जस्ट पुट इट इन कोट्स?” ती शाळेच्या डिबेट टीममध्ये आहे. तिने पुढे सांगितलं की त्यांना बाजू चिठ्ठ्या टाकून मिळते. ती पटावी लागत नाही, फक्त बोलायची.

“आजोबांच्या पद्धतीत पटावी लागते?” तिने विचारलं.

“पटता पटता राहिली पाहिजे, असं म्हणायचे.”

“दॅट्स मेंटल,” सानिका म्हणाली. इथल्या भाषेत हे बरंचसं कौतुक असतं.

यशोधनने ताट उचलता उचलता विचारलं, “आणि समजा, त्यांच्याकडे उत्तरच नसेल तर?”

हे मी स्वतःशी बोलले नव्हते. नाताळच्या सुट्टीत मी बाबांना विचारलं होतं, दुसरा भाग कधी? ते म्हणाले होते, ‘पूर्वपक्ष अजून कच्चा आहे. त्याला आणखी बळ यायला हवं.’ तेव्हा मला ती त्यांची नेहमीची चिकाटी वाटली होती. आता वाटू लागलं, एखादा माणूस प्रतिपक्षाला बळ देत राहतो ते कधी कधी स्वतःची पाळी येऊ नये म्हणूनही असेल.

दोन रविवार बसून मी दुसरा भाग लिहिला. तो वाईट नव्हता. मी वाचते, मला लिहिता येतं. राष्ट्र म्हणजे रक्त नव्हे, हे लिहिलं. ‘पूर्णपणे आमच्यासारखे व्हा’ ही मागणी कधीच पुरी होत नाही, कारण पुरी झाली की नाही हे ठरवणारा मागणारा स्वतःच असतो, हे लिहिलं. पुढे काय घडलं, हे लिहिलं. मग बाबांची अकरा पानं पुन्हा काढली आणि माझं एकेक वाक्य त्यांच्याशेजारी ठेवून पाहिलं. रक्ताबद्दल इतिहासकार तिसऱ्या पानावर स्वतःच म्हणत होता की रक्ताच्या गप्पा अडाण्यांना शोभतात. मागणी कोण ठरवणार, याला त्याने सातव्या पानावर उत्तर दिलं होतं: कुठल्याही घरात ते घरच्यांनीच ठरवायचं असतं. आणि पुढे जे घडलं ते त्याला ठाऊक नव्हतं. ते त्याच्या तोंडावर फेकणं बाबांनी मला टेबलावर कधीच करू दिलं नसतं.

मी ज्याला उत्तर दिलं होतं तो दुसराच कुणी, पुष्कळ मूर्ख माणूस होता. ती पानं बाबांच्या नावाने दिली असती तर त्यांच्यावरचा आरोप मिटला असता, आणि दीड वर्ष हॉट प्रेससमोर खुर्ची टाकून बसलेल्या माणसाने इतकं साधं उत्तर दिलं असं कागदावर उमटलं असतं. मी नीव्हना लिहिलं की दुसरा भाग नाही. तो कुणीच लिहिणार नाही. मी पहिला भाग वाचेन, आधी हा पूर्वपक्ष आहे असं सांगून. नाही तर नाव काढा.

चार दिवसांनी होकार आला, एका अटीवर. वाचनानंतर लिओनी स्टाइनफेल्ड या निवृत्त प्राध्यापक प्रतिसाद देतील.

त्या मला वाचनाच्या आधी कॉरिडॉरमध्ये भेटल्या. ऐंशीच्या पुढच्या, ठेंगण्या, हातात दोरी लावलेला चष्मा. बोलणं पक्कं डब्लिनचं.

“तुम्हाला सांगून ठेवते. परीक्षकांपैकी एक मी. ‘मनापासून बोलतोय’ हे मी लिहिलं होतं.”

“मग तुम्ही प्रतिसाद का देताय?”

“कारण दुसरा परीक्षक देणार नाही म्हणाला.”

खोलीत वीसेक माणसं होती. मी आधी चार वाक्यं बोलले: माझे वडील गेले, हा त्यांचा अर्धा निबंध आहे, हे त्यांचं मत नाही, त्यांचं मत त्यांनी लिहिलेलं नाही. मग वाचायला लागले. मोठ्याने वाचताना ती पानं आणखी सभ्य वाटली. ‘अजून वेगळे ओळखू येतात’ या वाक्याशी मला माझाच उच्चार ऐकू आला आणि समोरच्या दोघा-तिघांनी माझ्याकडे पाहून मान खाली घातली. यशोधनला हसू आलं असतं की नाही, माहीत नाही. आठव्या पानावर एक तरुण जर्मन संशोधक उठला. “क्षमा करा, आमच्याकडे हे असं वाचणं शक्य नाही,” असं म्हणून तो दाराशी जाऊन उभा राहिला. बाहेर मात्र गेला नाही. मी शेवटपर्यंत वाचलं आणि ‘दोन’ हा आकडा वाचून थांबले.

लिओनी बसूनच बोलल्या.

“हा माणूस मनापासून बोलतोय, असं मी लिहिलं होतं. अजूनही माझं तेच मत आहे. माझे वडील जर्मनीतल्या ब्रेस्लाउचे. वकील होते. अडतीस साली इथे आले, इथे फार थोड्यांना येऊ दिलं, त्यात ते होते. मरेपर्यंत ते रोज टाय लावून नाश्त्याला बसत. या वादाबद्दल लिहिलेलं बहुतेक सगळं मी वाचलंय, थोडं मीही लिहिलंय. त्या सगळ्यात तो इतिहासकार पहिल्या ओळीपासून खलनायक असतो. मला नेहमी प्रश्न पडायचा, असल्या खलनायकाला खूश करण्यात माझ्या वडिलांनी आयुष्य का घालवलं? ते काही मूर्ख नव्हते. आज पहिल्यांदा मी तो आवाज त्यांना ऐकू यायचा तसा ऐकला.” त्यांनी चष्मा काढला. “एवढं मान्य केल्यावर सांगते, माझं या गृहस्थांशी मोठं भांडण आहे. पण ते पाच मिनिटांत होणार नाही, आणि नीव्ह घड्याळ बघतेय.”

लोक हसले. दाराशी उभा असलेला तरुण हसला नाही, पण आत येऊन बसला.

जाताना त्यांनी माझ्याकडून, मी वाचलेली निबंधाची प्रत मागून घेतली.

जूनमधल्या एका शनिवारी त्या ट्रेनने ॲडम्सटाउनला आल्या. मी स्टेशनवर घ्यायला गेले. घरी यशोधनने चहा केला, सानिकाने त्यांना हॉट प्रेस उघडून दाखवला. टॉवेल आम्ही अजून परत ठेवले नव्हते. लिओनी पुस्तकांच्या कण्यांवरून बोट फिरवत काही पुटपुटत राहिल्या. मग टेबलाशी बसल्या आणि पिशवीतून दोन गोष्टी काढल्या: बाबांचा निबंध, आणि १८७९ च्या मूळ लेखाची झेरॉक्स.

“तुमच्या वडिलांनी याचं एकेक वाक्य वापरलंय,” त्या म्हणाल्या. “फार प्रामाणिकपणे. फक्त एक परिच्छेद सोडून.”

त्यांनी झेरॉक्सवर बोट ठेवलं. माझं जर्मन बाबांइतकं नाही, पण तेवढं पुरेसं होतं. पूर्वेच्या सीमेपलीकडून येणाऱ्या गरीब ज्यू पोरांबद्दल, दारोदार कपडे विकणाऱ्यांबद्दल, त्या सुसंस्कृत इतिहासकाराने लिहिलेलं होतं. त्यात युक्तिवाद नव्हता, किळस होती.

“हे गाळलंय,” लिओनी म्हणाल्या.

“त्यात म्हणणं नाहीये. अपशब्द आहेत. पूर्वपक्षात ते घेत नाहीत.” माझा आवाज मला अपेक्षेपेक्षा चढा लागला. “ते त्याला वाचवत नव्हते. नियम आहे तो.”

“मग तुमचा नियम चुकीचा आहे.”

यशोधनने सानिकाला खुणेने आत नेलं.

“माझ्या आईचे वडील लिथुएनियाचे,” लिओनी शांतपणे म्हणाल्या. “कॉर्कच्या आसपासच्या खेड्यांत पाठीवर गाठोडं घेऊन चादरी विकत. ही ओळ त्यांच्याबद्दल आहे. माझ्या वडिलांनी, टायवाल्यांनी, ती तुमच्या वडिलांसारखीच गाळली असती. गाळतच होते. त्यांना वाटायचं ही शिवी त्या दुसऱ्यांना आहे आणि युक्तिवाद आपल्यासाठी आहे, आपण युक्तिवादाला उत्तर देऊ. पण शिवी हाच युक्तिवाद होता. बाकीचा लेख म्हणजे तिला घातलेला कोट. तुमच्या वडिलांनी आतला माणूस काढून टाकला आणि मला नुसता कोट दाखवला. फार सुरेख शिवलेला. त्यांनी त्या गृहस्थाला तो होता त्याहून चांगला माणूस केलं. विद्वान माणसाने करावी अशी ही चूक नाही.”

फराळाला बसलेली आमची माणसं मला आठवली. तिथेही एखादा शब्द निसटायचा, एखाद्या आडनावावर हलकंसं हसू व्हायचं, आणि घरी येताना बाबा म्हणायचे, ते सोडून दे, त्यांचा मुद्दा काय होता ते सांग. मला ते फार न्यायाचं वाटत असे. हसू ज्याच्यावर झालं त्याला ते कसं वाटलं असतं, हे आमच्या टेबलावर कुणी विचारलं नव्हतं. तो आमच्या टेबलावर नसायचा.

बाबांकडे याचं उत्तर होतं का, हे मला ठाऊक नाही. पूर्वपक्ष कच्चा आहे असं ते म्हणाले तेव्हा हाच परिच्छेद त्यांच्या मनात खुपत होता का, हेही नाही. तसं मानणं सोयीचं होतं. मी मानलं नाही.

“नीव्ह म्हणतेय, माझं उत्तर सोबत असेल तर निबंध पुस्तकात घेता येईल,” लिओनी म्हणाल्या. “मी लिहीन. त्यांचं नाव घेऊन, त्यांच्या विरुद्ध. हळुवार लिहीन असं समजू नका. ते गेलेत म्हणून सूट देणार नाही.”

“त्यांच्या निबंधात बदल?”

“एका शब्दाचाही नको. चुकीसकट छापायचा. नाही तर मी भांडू कुणाशी?”

“तुम्ही लिहाल ते वाचणाऱ्याला मात्र हे कळेल ना, की बाबा ज्यूद्वेष्टे नव्हते?”

“ज्यूद्वेष्ट्याला मी उत्तर देत नाही, बाई. वेळ नाही तेवढा. चुकलेल्या अभ्यासकाला देते.”

मी हो म्हटलं. मला वाईट वाटलं आणि ते मी लपवलं नाही. त्यांनीही सांत्वन केलं नाही. यशोधन चहा गरम करून घेऊन आला, आणि निबंधाच्या पानांवर कप ठेवू नये म्हणून लिओनींनी ती उचलून मांडीवर घेतली.

संध्याकाळी त्यांना पोचवायला मी स्टेशनपर्यंत चालत गेले. ऊन होतं. फलाटावर आमच्याशिवाय एक बाई आणि तिची बाबागाडी.

“चूक दाखवलेली चालायची का त्यांना?” लिओनींनी विचारलं.

“अजिबात नाही. दोन दिवस बोलत नसत. जेवायलासुद्धा उशिरा येत.”

“छान. आणि मग?”

“मग उत्तर देत.”

त्यांनी मान हलवली. गाडी आली तेव्हा निबंधाची पिशवी काखेत घेऊन त्या चढल्या.